काटा वर गेला म्हणजे

एरवी ह्या सदरात मी वाचकांच्या शंकांना उत्तरे देतो. बाळ दात येताना का किरकिरते, आजोबांना थंडीत धाप का लागते, असल्या घरगुती प्रश्नांची पोतडी दर आठवड्याला माझ्याकडे येते आणि जमेल तशी मी ती रिकामी करतो. दिवाळी अंकासाठी संपादकांनी चार पाने जास्त दिली आहेत. त्यांचा उपयोग मी एका कबुलीसाठी करणार आहे. आम्ही डॉक्टर मंडळी दुसऱ्याच्या चुका सांगण्यात मोठी पटाईत. स्वतःची सांगायची वेळ आली की जीभ जड होते. तेव्हा फराळाचे ताट शेजारी घेऊनच वाचायला बसा. चकलीबद्दल शेवटी दोन शब्द आहेतच.

माझा दवाखाना पालघरला. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी बोईसरला बसतो. मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन. पण दोन्हीकडचे रोगी पाहिले तर दोन निराळी जगे वाटावीत. पालघरला पेन्शनर, मास्तर, कचेरीतले कारकून, केळवे-माहीमचे बागायतदार, सातपाटीची कोळी मंडळी. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाल्यापासून कचेऱ्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर रक्तदाबवाले साहेबही वाढले! बोईसरला मात्र सारा कारभार पाळीचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग, रसायने, कापड, पोलाद आणि औषधांच्या मूळ पावडरी तयार होतात. तिथले कामगार कोणी खानदेशचे, कोणी साताऱ्याचे, कोणी थेट बिहारचे. झोप दिवसा, जेवण रात्री आणि डॉक्टरकडे यायचे ते पाळी बदलताना, धावतपळत.

असाच एक जण सहा-सात वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. वय २९. मूळचा साताऱ्याकडचा. औषधी द्रव्ये करणाऱ्या एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट. परीक्षा देऊन रीतसर प्रमाणपत्र मिळवलेला, आणि त्याचा त्याला सार्थ अभिमान. डोके दुखते म्हणून आला होता. पट्टा बांधून पाहिले तर रक्तदाब १८० वर ११०. दुसऱ्या खेपेस पाहिला, तिसऱ्या खेपेस पाहिला, तेवढाच. मी त्याला मीठ कमी करायला सांगितले, तंबाखू सोडायला लावली आणि एक गोळी लिहून दिली.

एका गोळीने भागले नाही, दुसरी दिली. दुसरीनेही भागेना, तेव्हा लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी तिसरी जोडली. चार वर्षे हे असेच चालले. दर महिन्याला तो यायचा, मी पट्टा बांधायचा, काटा १६०-१७० च्या खाली काही यायचा नाही, आणि मी दर वेळी त्याच्याकडे संशयाने पाहायचा. “गोळ्या घेतोस का नेमाने?” “घेतो डॉक्टरसाहेब.” “मीठ?” “आळणी खातो.” “मग टेन्शन घेतोस फार.” ह्यावर तो बिचारा काय बोलणार? एकदा म्हणाला, “रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागतं.” मी म्हटले, “गोळीचं कामच आहे ते.” एकदा म्हणाला, “पायांत गोळे येतात.” मी म्हटले, “उभ्याचं काम आहे तुझं.” प्रत्येक तक्रारीला माझ्याजवळ तयार उत्तर होते. डॉक्टरच्या आयुष्यात ह्यासारखी धोक्याची गोष्ट दुसरी नाही.

मग एका वर्षी दिवाळीच्या आधी आठ दिवस त्याची बायको एकटीच दवाखान्यात आली. डोळे रडून सुजलेले. रात्रपाळीत हा बॉयलरपाशी स्टुलावर बसला तो उठेचना. पायांत जीवच राहिला नाही. बरोबरच्या हेल्परने प्रसंगावधान राखून जाळ बंद केला, म्हणून बरे. पण सुपरवायझरने त्याला लटपटताना पाहिले आणि कागदावर लिहून टाकले की, हा कामावर पिऊन आला होता. ज्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नाही, त्याला! बॉयलरवरचा माणूस प्यालेला सापडला तर नोकरी राहत नाही, आणि राहूही नये. “डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहून द्या हो, ते पीत नाहीत म्हणून,” असे ती म्हणत होती. मी लिहून दिलेही असते. पण मग पाय का गेले, ह्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

त्या वेळी माझी पुतणी दिवाळीच्या सुटीला आमच्याकडे आली होती. मुंबईला एम. डी. करीत होती. मागच्या खोलीत बसून ती पुस्तक वाचीत होती, पण कान इकडे. बाई गेल्यावर बाहेर आली आणि म्हणाली, “काका, त्यांचं पोटॅशियम कधी पाहिलंत?”

वाचकहो, मी गप्प बसलो. चार वर्षांत मी त्याची साखर पाहिली होती, मूत्रपिंडांची तपासणी केली होती, हृदयाचा आलेखही काढला होता. पोटॅशियम पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी रक्त घेतले. माणसाच्या रक्तात पोटॅशियम ३.५ ते ५ असावे लागते. ह्याचे निघाले २.४. एवढे कमी झाले की स्नायू आज्ञा पाळीत नाहीत, आणि हृदय तरी काय, स्नायूच! तो स्टुलावरून उठला नाही एवढ्यावर निभावले. हृदयाचा ताल चुकता तर मी आज हा लेख लिहायला बसलो नसतो.

आता हे काय गौडबंगाल, ते समजायला रक्तदाबाचा कारभार कसा चालतो ते पाहिले पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी की, रक्तदाब म्हणजे रागीट माणसाचा रोग. हृदय जोराने धडधडले की दाब वाढला! राग हा घटकाभराचा पाहुणा. दाबाचा खरा कारभारी आहे मूत्रपिंड.

१८९८ साली स्टॉकहोम येथे टिगरस्टेट आणि बेर्गमान ह्या दोघांनी सशाच्या मूत्रपिंडांचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला आणि त्यांचा रक्तदाब चढला. अर्कातल्या ह्या द्रव्याला त्यांनी रेनिन असे नाव दिले. पण जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. १९३४ साली अमेरिकेत गोल्डब्लाट ह्यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीला चिमटा लावून ती अरुंद केली, तेव्हा कुत्र्याचा रक्तदाब कायमचा वाढला. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचले की ते साऱ्या शरीराचा दाब वाढवते, हे त्यातून दिसले.

त्याची साखळी अशी. दाब उतरला किंवा अंगातले मीठ घटले, की मूत्रपिंड रेनिन सोडते. यकृताने रक्तात एक प्रथिन आधीच सोडून ठेवलेले असते. रेनिन त्याचा एक तुकडा पाडते. हा तुकडा मुख्यतः फुप्फुसांतून जाताना तिथले एक विकर त्याचे टोक छाटते आणि तयार होते अँजिओटेन्सिन. हे दोन कामे करते. एक, रक्तवाहिन्या आवळते. दुसरे, मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप देते, की आल्डोस्टेरॉन सोडा. आल्डोस्टेरॉन हे १९५३ साली वेगळे काढण्यात आलेले हॉर्मोन मूत्रपिंडाला बजावते: मीठ बाहेर जाऊ देऊ नका, पोटॅशियम गेले तरी चालेल. मीठ राहिले की त्याच्याबरोबर पाणी राहते, रक्ताचे आकारमान वाढते, दाब सावरतो. दाब सावरला की मूत्रपिंड रेनिन आवरते घेते आणि सारे शांत होते. जुलाबाने खंगलेला किंवा जखमेने रक्त गेलेला माणूस जगतो तो ह्या साखळीच्या कृपेने.

ही सारी हकीकत मी आमच्या बॉयलरवाल्याला समजावून सांगत होतो. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “म्हणजे फीड पंपाचा स्विच चिकटलाय म्हणायचं.”

मला त्याला कडकडून मिठी मारावीशी वाटली. बॉयलरमधले पाणी कमी झाले की पंप सुरू व्हावा आणि पुरेसे झाले की बंद पडावा, ही रीत. ह्याच्या एका अधिवृक्क ग्रंथीत वाटाण्याहून जराशी मोठी गाठ झाली होती. ती कुणाचा निरोप न येताच रात्रंदिवस आल्डोस्टेरॉन ओतीत होती. मूत्रपिंडांनी रेनिन पार बंद केले होते. पण गाठ कुणाच्या ऐकण्यात नव्हती. मीठ-पाणी अंगात साठत होते, पोटॅशियम लघवीवाटे वाहून चालले होते. पोटॅशियम उतरले की मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, म्हणून रात्रीचे तीन-तीनदा उठणे. आणि आता माझा पराक्रम ऐका: मी दिलेली ती तिसरी गोळीही पोटॅशियम घालवणारीच! गाठ मागच्या दाराने चोरी करीत होती आणि मी पुढचे दार उघडून दिले होते.

“आमच्याकडं काटा वर गेला,” तो पुढे म्हणाला, “की पहिल्यांदा जाळ कमी करतो. मग वाफ कुठं अडली, पाणी किती चढलं, ते बघतो. नुसता सेफ्टी व्हॉल्व्ह उडवत बसलो तर इन्स्पेक्टर माझं सर्टिफिकेट काढून घेईल.”

तो हे रागाने म्हणाला नाही. तरी मला लागायचे ते लागले. चार वर्षे मी व्हॉल्व्हच उडवीत बसलो होतो. माझे सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये सुखरूप होते.

ह्या विकाराला कॉनचा विकार म्हणतात. अमेरिकेतल्या ॲन आर्बर येथे जेरोम कॉन ह्यांनी ३४ वर्षांच्या एका स्त्रीत तो प्रथम ओळखला आणि १९५५ साली जगापुढे मांडला. तिचेही पाय असेच लुळे पडत. पुष्कळ वर्षे आम्ही डॉक्टर हा विकार अगदी दुर्मीळ समजत होतो. आता कळते ते असे की, रक्तदाबाच्या शंभर रोग्यांत पाच ते दहांना आल्डोस्टेरॉनचा हा उपद्रव असतो. प्रत्येकाला गाठ असतेच असे नाही आणि पोटॅशियम दर वेळी उतरतेच असेही नाही. रक्तातले आल्डोस्टेरॉन आणि रेनिन मोजून त्यांचे प्रमाण पाहिले म्हणजे सुगावा लागतो. पाहिलेच नाही तर सापडणार कसा?

गाठ सापडली म्हणजे शस्त्रक्रिया करता येते. शस्त्रक्रिया नको असेल, किंवा दोन्ही ग्रंथी बिघडलेल्या असतील, तर स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी आहे. १९६० च्या आसपासपासून ती वापरात आहे. आल्डोस्टेरॉनचा निरोप ती मूत्रपिंडापर्यंत पोचूच देत नाही. गाठ नसलेल्या पण तीन गोळ्यांना दाद न देणाऱ्या रोग्यांनाही हीच गोळी सगळ्यांत अधिक उपयोगी पडते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका पाहणीत दिसून आले.

औषधांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट अभिमानाने सांगितली पाहिजे. उच्च रक्तदाबावर धड औषधच नाही, असा काळ फार जुना नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा दाब होता ३०० वर १९०. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या अध्यक्षाला द्यायला गोळी नव्हती! त्याच सुमारास मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील आपल्या रोग्यांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या देऊन दाब उतरवीत होते. सेन आणि बोस ह्या बंगाली वैद्यकतज्ज्ञांनी १९३१ सालीच ह्या मुळीचा हा गुण लिहून ठेवला होता. पण जगाला पटेल अशा रीतीने तो मांडला वकिलांनी, १९४९ साली, ब्रिटिश हार्ट जर्नल ह्या मासिकात. १९५२ मध्ये बाझल येथे त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. आपल्या रानातली मुळी साऱ्या जगाच्या औषधाच्या कपाटात जाऊन बसली.

माझे वडील शाळामास्तर. मी शाळेत असताना ते रेसर्पिनच्या गोळ्या घेत. दाब उतरला खरा. पण पाढे म्हणताना खणखणीत वाजणारा माणूस खिडकीशी तासन् तास गप्प बसू लागला. आई म्हणायची, ह्यांना कुणाची तरी दृष्ट लागली. ती दृष्ट नव्हती. मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली जी द्रव्ये रेसर्पिन रिकामी करते, त्यांच्यावरच माणसाचा हुरूपही अवलंबून असतो. डोस जास्त झाला की काहींचे मन खचते. नव्या गोळ्या आल्यावर ते पुन्हा बोलू लागले. म्हणून कुणी रोगी “गोळीनं बरं वाटत नाही” म्हणाला, की मला खिडकीशी बसलेले वडील आठवायला हवे होते. बॉयलरवाल्याच्या वेळी ते आठवले नाहीत, ह्याचीच खंत आहे.

पुढे आणखी औषधे आली. त्यातले एक चक्क सापाच्या विषाच्या मागावर जाऊन सापडले. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषाने माणसाचा दाब एकदम कोसळतो. १९६५ साली तिथल्या सेर्जिओ फरेरा ह्यांनी त्या विषाचे गुण अभ्यासले. त्यातल्या काही अंशांनी अँजिओटेन्सिनचे टोक छाटणारे ते विकरच बंद पडते, असे पुढे दिसले. आणि तो धागा धरून कॅप्टोप्रिल तयार झाले. १९८१ साली अमेरिकेत ते बाजारात आले. आपल्याकडे नावात सर्प, तिकडे साक्षात सर्प! आज ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येते त्या गोळ्या ह्या घराण्यातल्या. ‘सार्टान’ने संपणाऱ्या गोळ्या विकराला हात लावत नाहीत, तयार झालेल्या अँजिओटेन्सिनला त्या दारातच अडवतात. ह्यातल्या पुष्कळ गोळ्या आज स्वस्त आहेत आणि सरकारी दवाखान्यांतही मिळतात.

आता, दर आठवड्याच्या सवयीप्रमाणे, घरच्यांसाठी चार गोष्टी.

तीन गोळ्या नेमाने घेऊनही दाब उतरत नसेल, तिशीच्या आतबाहेरच दाब वाढला असेल, पोटॅशियम कमी निघाले असेल, किंवा घरात कुणाला तरुणपणीच पक्षाघात झाला असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, “आल्डोस्टेरॉन-रेनिन पाहायचं का?” डॉक्टर रागावणार नाहीत. रागावलेच, तर त्यांना हा लेख दाखवा.

खोकल्यासाठी ज्येष्ठमधाची काडी चघळणारी पुष्कळ घरे आहेत. एखादा दिवस ठीक. पण महिनोन् महिने भरपूर ज्येष्ठमध पोटात गेला तर तो आल्डोस्टेरॉनसारखाच वागतो: मीठ धरून ठेवतो, पोटॅशियम घालवतो. सांधेदुखीच्या गोळ्या मनाने रोज घेतल्या तरी दाब चढतो. डॉक्टरला सांगताना ह्या ‘औषध नसलेल्या’ औषधांची यादीही सांगावी.

‘प्रिल’ची गोळी सुरू केल्यावर कोरडा खोकला लागला तर खोकल्याचे औषध आणू नका, गोळी बदलून मागा. ‘प्रिल’ आणि ‘सार्टान’ ह्या दोन्ही जातींच्या गोळ्या गरोदरपणी चालत नाहीत. घरात नवी सून दाबाची गोळी घेत असेल, तर ही गोष्ट संकोच न करता वेळेवर बोलावी. पोटॅशियमचे ‘कमी सोडियमवाले’ मीठ ह्या गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंडाच्या विकारात विचारल्याशिवाय वापरू नये. पोटॅशियम जास्त होणेही तितकेच वाईट.

दाब उतरला म्हणून गोळी बंद करू नका. दाब उतरला तो गोळीमुळे. काही गोळ्या तर एकाएकी सोडल्याने हृदयाला धक्का बसतो.

आणि मीठ. दिवसाकाठी माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, लोणचे, पापड सगळे आले. आमच्या किनाऱ्यावर सुके बोंबील आणि खारा मासा ह्यांवाचून पावसाळा निघत नाही, हे मला ठाऊक आहे, मीही त्यातलाच. मासा पाण्यात नीट भिजवून, ते पाणी फेकून मगच रांधा. चकली खा, पण एक चकली, चिवडा आणि शेव एकाच ताटात म्हणजे मिठाचीच दिवाळी!

राहिली आमच्या बॉयलरवाल्याची हकीकत. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीतून त्याची गाठ, त्या ग्रंथीसकट, काढली. पोटॅशियम पूर्वपदावर आले. पायांत पुन्हा कधी गोळा आला नाही. दाब मात्र पुरता गेला नाही. एक गोळी अजून चालू आहे. चार वर्षांच्या दाबाने हृदयाची भिंत जाड झाली आणि रक्तवाहिन्या कडक झाल्या, त्याची ती भरपाई. गाठ पहिल्या वर्षी सापडती तर कदाचित ती गोळीही लागली नसती. हे मी त्याला सांगितले. न सांगता चालले असते. त्याला कळणारही नव्हते. पण सांगितले.

कारखान्यालाही मी सविस्तर पत्र लिहिले, रक्ताचे रिपोर्ट जोडले. ‘पिऊन आला होता’ हा शेरा कागदावरून निघाला. बॉयलरवर परत घ्यायला त्यांनी तीन महिने लावले, पण घेतले.

गेल्या दिवाळीत तो बायकोला आणि मुलीला घेऊन आमच्या घरी आला. हातात फराळाचा डबा. बायको माझ्या पत्नीला म्हणाली, “वहिनी, चिवड्यात मीठ कमी आहे हं, सांभाळून घ्या.” मुलगी माझ्या टेबलावरच्या रक्तदाबाच्या यंत्राशी खेळू लागली. तिचा बाप तिला म्हणाला, “त्याला हात लावू नको. डॉक्टरसाहेबांचा बॉयलर आहे तो.”

मग माझ्याकडे वळून त्याने विचारले, “डॉक्टरसाहेब, तुमचा स्वतःचा काटा कधी बघितला होता?”

खरे सांगतो, मला आठवेना. त्याने मला खुर्चीत बसवले आणि माझ्याच पुतणीला हाक मारली. तिने पट्टा बांधला. १५० वर ९४. “आता कारण शोधा,” तो हसत म्हणाला. कारण शोधले. माझ्या बाबतीत ते फारसे गूढ निघाले नाही: वय, वजन, आणि सातपाटीचे सुके बोंबील. रोज सकाळी आता एक गोळी घेतो, आणि घेतली की नाही हे आमच्या घरी रोज विचारले जाते.

वाचकांनीही ह्या दिवाळीत एकदा घरातल्या सगळ्यांचा काटा पाहून घ्यावा. डॉक्टर धरून.